पादोव्हाचा पापीरो: पदवीच्या दिवशी पीठ, अंडी आणि शिव्या कशासाठी?

प्रश्न असा होता: "माझ्या मुलीला इटलीत पादोव्हा विद्यापीठात मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. एका व्हिडिओत पाहिलं, पदवी मिळालेल्या मुलीला मित्रांनी भिंतीशी उभं केलं होतं. अंगावर पीठ आणि अंडी, हातात वाइनची बाटली, आणि भोवतीचे सगळे काहीतरी अश्लील गाणं म्हणत होते. आठशे वर्षांच्या विद्यापीठात हे रॅगिंग चालतं कसं? तिथलं रोजचं जगणं तरी कसं असतं?"

ताई, तुम्ही पाहिलेला व्हिडिओ खराच असणार. तो पाहून तुमच्या पोटात गोळा आला असेल, हेही समजतं. माझ्या पदवीच्या दिवशी माझ्या बाबांनी सांगलीत बसून स्काइपवर हेच दृश्य पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तिला कोण मारतंय?" मी २००९ साली इथे शिकायला आले आणि इथलीच झाले. परदेशातून येणाऱ्या मुलांना घर, कागदपत्रं, अभ्यास यांत मदत करणं हे माझं काम आहे. त्यातून आजवर वीस-पंचवीस 'पापीरों'ना, म्हणजे पदवीच्या दिवशी मित्र लिहितात त्या थट्टेच्या कागदांना, माझा हात लागला आहे. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी सरळ उत्तर देते. हे रॅगिंग नाही. आपल्याकडे ज्याच्यासाठी १९९९ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला, ते नवख्या मुलांच्या वाट्याला येतं. त्यांना कॉलेजात कोणी ओळखत नसतं आणि नाही म्हणायची त्यांची हिंमत नसते. इथे हे सगळं शेवटच्या दिवशी होतं, परीक्षा, प्रबंध, सगळं पार पडल्यावर. आणि ते करतात कोण? ज्यांनी दोन-तीन वर्षं तिच्याबरोबर स्वयंपाक केला, तापात तिला औषध आणून दिलं, तेच. आई, बाबा आणि आजी बाजूला उभे राहून फोटो काढत असतात.

आता तो दिवस कसा जातो ते पाहा.

इटालियनमध्ये पदवीला 'लाउरेआ' म्हणतात. हा शब्दच लॉरेलच्या पानांवरून आला आहे. लॉरेल म्हणजे आपल्या तमालपत्राच्या कुळातलं झाड, इथे तीच पानं रश्शात टाकतात. सकाळी मुलगी परीक्षकांसमोर प्रबंध मांडते, प्रश्नांना उत्तरं देते, मग गुण जाहीर होतात. कमाल गुण ११०, आणि त्याहून वर काही द्यायचं असेल तर 'लोदे', म्हणजे खास प्रशंसा. बाहेर आली की डोक्यावर लॉरेलचा मुकुट चढतो. नातेवाईक लाल रंगाचे, साखरेत घोळलेले बदाम वाटतात. बदाम लग्नात पांढरे असतात आणि पदवीला लाल. त्या क्षणापासून ती 'दोत्तोरेस्सा'. इथे तीन वर्षांची पदवी घेतलेल्यालाही रीतसर 'डॉक्टर' म्हणतात, त्यासाठी पीएचडी लागत नाही.

इथवर सगळं आपल्या पदवीदान समारंभासारखंच. मग मित्र तिचा ताबा घेतात. चांगल्या कपड्यांवर कचऱ्याची पिशवी किंवा काहीतरी विचित्र पोशाख चढवतात आणि तिला तिच्या पापीरोसमोर उभं करतात.

पापीरो म्हणजे माणसाच्या उंचीला येईल असा मोठा कागद. मधोमध पदवीधराचं व्यंगचित्र असतं, आणि भोवती यमकात बांधलेली त्याची संपूर्ण जीवनकथा. जन्मापासून सुरुवात, शाळेतली फजिती, पहिलं प्रेम, नापास झालेले पेपर, रात्री कुठे चावी हरवली, कोणाच्या घरी झोपला, सगळं काही. भाषा इटालियन, पण अधूनमधून व्हेनेतो भागातली बोली येते, कारण शिव्या आणि लाडाचे शब्द बोलीतच खुलतात. पदवीधराने हा मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. अडखळला की एक घोट. चुकला की पुन्हा एक घोट. गर्दीला एखादी ओळ फार आवडली की तरीही घोट. वाचन चालू असताना अंगावर पीठ, सॉस, कधी अंडी पडतात. आणि मधूनमधून सगळे मिळून ते 'दोत्तोरे, दोत्तोरे' गाणं म्हणतात. व्हिडिओत तुम्ही तेच ऐकलंत. त्याचा अर्थ खरोखरच अश्लील आहे: तू डॉक्टर झालास खरा, पण बुडाच्या भोकाचा, आता चालता हो. गावातली सत्तर वर्षांची आजीबाईसुद्धा ते टाळ्या वाजवत म्हणते. शिमग्याच्या बोंबा ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. वर्षातला एक दिवस शिव्यांना मुभा असते आणि त्या दिवशीची शिवी मनाला लागत नाही. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमधले फिशपॉन्ड आठवा, म्हणजे पापीरोचा धाकटा भाऊ डोळ्यांसमोर येईल. फरक इतकाच की फिशपॉन्ड दोन ओळींचा असतो आणि लिहिणारा नाव लपवतो. पापीरो दोनशे ओळींचा असतो आणि लिहिणारे समोर उभे असतात.

या दोनशे ओळींमागे केवढं काम असतं हे व्हिडिओत दिसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगते. महिनाभर आधी मित्रांचा वेगळा ग्रुप तयार होतो, पदवीधराला वगळून. कोणीतरी भावा-बहिणीला गाठतं, लहानपणीचे फोटो मिळवतं. चित्र काढणारा कोणी मित्र नसेल तर पैसे देऊन काढून घेतात. मजकूर तीन-चार जण मिळून लिहितात. यमक जुळेना म्हणून रात्री दोनपर्यंत वाद चालतात. माझ्या वेळी मैत्रिणींनी माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला होता. तिने सांगितलं की ही दर रविवारी पोह्यांशिवाय उठत नाही. इटालियन जिभेला 'ह' उच्चारता येत नाही, त्यामुळे 'पोहे'चं झालं 'पोए', आणि ते 'एरोए'शी, म्हणजे वीराशी, बिनचूक जुळलं. चौकात, पीठ लागलेल्या ओठांनी, मी ती ओळ वाचली आणि मला रडू आलं. माझ्या घरातला एक शब्द या भाषेच्या यमकात जाऊन बसला होता. या गावात मी परकी नाही, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

पण या प्रकाराला दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्यापासून लपवणार नाही. एका मुलाच्या पापीरोत आम्ही त्याच्या प्रेमप्रकरणाबद्दल चार ओळी घातल्या. मित्रांना ते ठाऊक होतं, पण भारतातून आलेल्या त्याच्या आईवडिलांना नव्हतं. त्यांना इटालियन येत नव्हतं, पण चित्र समजायला भाषा लागत नाही. तो मुलगा वाचता वाचता गप्प झाला, आणि आमच्यापैकी कोणालाच पुढे काय करावं ते सुचेना. ती चूक आमची होती. त्यानंतर मी प्रत्येक ग्रुपला पहिल्याच दिवशी सांगते: पदवीधराला न विचारता त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाला विचारा की कुठली गोष्ट अजिबात नको. चित्रात पदवीधराला नग्न दाखवण्याची पद्धत आहे. आपल्या मुलामुलींना ते नको असेल तर एक वाक्य पुरतं, इथली मुलं ऐकतात. आडनाव लिहू नये, आणि पापीरोचा फोटो इंटरनेटवर अजिबात टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीवरचा कागद दोन दिवसांत उतरतो. इंटरनेटवरचा फोटो नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पाठलाग करतो.

दारूचं म्हणाल तर न पिणाऱ्याच्या बाटलीत द्राक्षाचा रस भरतात. मी स्वतः पाच-सहा वेळा भरला आहे आणि एकदाही कोणी कुरकुरलं नाही. अंडी-पिठाबद्दल महापालिकेचे नियम आहेत, दंडही होतो. मला ते योग्यच वाटतं. जुन्या शहराच्या दगडी फरशीवर वाळलेलं अंडं सकाळी कोणाला तरी घासावं लागतं, आणि घासणारा त्या आनंदात सहभागी नसतो. शहाणे ग्रुप खाली प्लॅस्टिक अंथरतात आणि जाताना सगळं गोळा करून नेतात.

तुम्ही वापरलेला 'रॅगिंग' हा शब्द मात्र इतिहासाच्या बाबतीत अगदीच चुकीचा नाही. इथेही एके काळी नवख्यांना छळत असत, आणि गंमत म्हणजे त्याचंही नाव पापीरोच होतं. युरोपातल्या मध्ययुगीन भटक्या विद्वानांवरून 'गोलियार्दी' हे नाव आलं. त्यांची परंपरा सांगणारे विद्यार्थ्यांचे गट इटलीभर होते. त्यांची टोपी पुढे लांब चोच असलेली आणि शाखेप्रमाणे वेगळ्या रंगाची. पहिल्या वर्षाच्या मुलाने सीनियर मंडळींना वाइन पाजायची, जेवण द्यायचं, पैसे मोजायचे. मग ते त्याला एक सजवलेला कागद लिहून देत. तो पापीरो. रस्त्यात दुसऱ्या कोणी सीनियरने अडवलं तर तो दाखवायचा आणि सुटका करून घ्यायची. हे तर सरळसरळ खंडणी घेणंच होतं. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीतल्या मुलांना ही सगळी वरच्या-खालच्यांची उतरंड असह्य झाली आणि गोलियार्दींचा जोर ओसरला. आज टोपीवाले दिसतात, पण थोडे. पदवीचा पापीरो मात्र टिकला आणि फोफावला. नुकत्याच आलेल्यावर रोखलेली थट्टा मागे पडली आणि सगळं जिंकून बाहेर पडणाऱ्यावरची राहिली. मी इथल्या मुलांच्या बाजूने उभी राहते ती यासाठी.

हे गाव विद्यार्थ्यांचं एवढं का सोसतं, याचंही उत्तर जुनं आहे. बोलोन्याच्या विद्यापीठातून काही शिक्षक आणि विद्यार्थी मोकळीक हवी म्हणून बाहेर पडले आणि १२२२ साली पादोव्हाचं विद्यापीठ उभं राहिलं. सुरुवातीच्या शतकांत विद्यार्थीच आपला रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, निवडत. पुढे १५९२ पासून अठरा वर्षं गॅलिलिओने इथे शिकवलं. विद्यापीठाच्या मुख्य वास्तूला 'बो' म्हणतात, म्हणजे बैल. त्या जागी पूर्वी बैलाच्या चिन्हाची खानावळ होती, तिचंच नाव वास्तूला चिकटलं. आत १५९५ सालचं लाकडी शरीरशास्त्र-दालन आहे, लंबवर्तुळाकार सहा मजली कठड्यांचं. वर उभं राहून मुलं खाली चाललेलं शवविच्छेदन पाहत. तुमची मुलगी तिथे जाईल तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी असलेला एका स्त्रीचा पुतळा तिला जरूर पाहायला सांगा. एलेना लुक्रेत्सिया कोर्नारो पिस्कोपिया. तिला धर्मशास्त्रात पदवी हवी होती, बिशपने बाई म्हणून नकार दिला, शेवटी २५ जून १६७८ रोजी तत्त्वज्ञानात मिळाली. विद्यापीठाची पदवी घेणारी जगातली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ऐकायला इतके लोक आले की परीक्षा विद्यापीठातून हलवून कॅथेड्रलमध्ये घ्यावी लागली. आज बोच्या आवाराबाहेर मुली मुकुट घालून पिठाने माखलेल्या दिसतात, तेव्हा मला दर वेळी एलेना आठवते.

बोच्या दारात एक साखळी असते. पदवीपूर्वी ती ओलांडून उडी मारली तर पदवी मिळत नाही, असं मुलं मानतात आणि अगदी गणिताची मुलंसुद्धा वळसा घालून जातात. बोलोन्यात अझिनेल्ली मनोऱ्यावर न चढण्याची, पिझात कलत्या मनोऱ्यावर न चढण्याची अशीच समजूत आहे.

बोपासून दोन मिनिटांवर कॅफे पेद्रोक्की. १८३१ साली उघडला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत रात्रंदिवस चालू असे, म्हणून 'दारं नसलेला कॅफे'. पादोव्हाबद्दल एक म्हणच आहे: इथे नाव नसलेला संत, गवत नसलेलं कुरण आणि दारं नसलेला कॅफे. पेद्रोक्कीच्या हिरव्या दालनात काही न मागवता बसण्याची मुभा विद्यार्थ्यांना होती, आणि इटालियनमध्ये कफल्लक असण्याला 'हिरव्यावर असणं' म्हणतात. त्याचा संबंध इथले लोक या दालनाशी जोडतात. शेजारच्या पांढऱ्या दालनाच्या भिंतीत बंदुकीच्या गोळीची खूण आहे. ८ फेब्रुवारी १८४८ रोजी विद्यार्थी आणि गावकरी तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या सैनिकांविरुद्ध उठले, त्या दिवसाची. तोच दिवस पुढे विद्यार्थ्यांचा सण झाला. दुसऱ्या महायुद्धात रेक्टर कॉन्चेत्तो मार्केझी यांनी १९४३ मध्ये मुलांना फॅसिस्टांविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं, आणि त्या लढ्यासाठी या विद्यापीठाला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. मुलांची दंगामस्ती आणि मुलांचं रक्त, दोन्ही या गावाने पाहिलं आहे.

म्हणीतलं कुरण म्हणजे इथला प्रातो देल्ला वाल्ले हा मोठा चौक, त्याच्या नावातच 'कुरण' आहे. आणि 'नाव नसलेला संत' म्हणजे संत अँथनी. इथे त्याला नुसतं 'संत' म्हणतात, नाव घ्यायची गरजच पडत नाही. गोव्याच्या वाचकांना तो परका नाही. शिवोलीच्या चर्चमधला सांत आंतोन तो हाच. १३ जूनला त्याचा सण दोन्हीकडे असतो. दर जूनमध्ये इथे एखादं गोव्याचं कुटुंब हमखास भेटतं.

रोजच्या जगण्याबद्दल. साधारण २ लाख वस्तीच्या या गावात विद्यार्थी ६० हजारांच्या वर आहेत, त्यामुळे वर्षभर गाव तरुणच वाटतं. सकाळी पियात्सा देल्ले एर्बेच्या चौकात भाजीवाले असतात. बाजूला पालाझ्झो देल्ला राजोने, तेराव्या शतकातली इमारत, आणि तिच्या तळमजल्यावर शतकानुशतकं चालत आलेला बाजार: चीज, मासे, मांस, ताजा पास्ता. दुपारी ठेले उठतात, चौक धुतला जातो, आणि सहा वाजता त्याच जागी मुलांची झुंबड, हातात केशरी रंगाचा स्प्रिट्झ, म्हणजे वाइन आणि सोड्याचं पेय. त्यात पडणारं आपेरोल हे कडसर मद्य याच गावात १९१९ साली बाजारात आलं. ज्यांना प्यायचं नसतं ते फळांचा रस घेऊन तितकाच वेळ उभे असतात. एक पेला दोन तास पुरतो, कारण मुलं येतात ती एकमेकांना भेटायला, प्यायचं नंतर.

ये-जा सायकलवर. थंडीत, धुक्यात, पावसातसुद्धा. शिवाय एकाच रुळावर रबरी चाकांनी धावणारी ट्राम आहे, उत्तर-दक्षिण. व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर, त्यामुळे रविवारी कंटाळा यायचं कारण नाही. पण मुलीने व्हेनिसच्या आधी जुना चित्रकार जोत्तो याची चित्रं असलेलं स्क्रोवेन्यी चॅपल पाहावं. तिकीट आधी काढावं लागतं आणि आत थोडाच वेळ मिळतो, पण ते निळं छत माणूस विसरत नाही.

खरी डोकेदुखी आहे घर. खोल्या कमी आणि मागणारे फार. सप्टेंबरात येऊन शोधू म्हणणारी मुलं ऑक्टोबरपर्यंत कोणाच्या तरी सोफ्यावर झोपतात. मे-जूनपासून शोधा, खोली न पाहता आणि करार हातात न घेता एक युरोही पाठवू नका. पोहोचल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. त्याची पावती जपून ठेवा, पुढे बरेच महिने तीच कामी येते. आणि कोर्स इंग्रजीत असला तरी इटालियन शिकायला आजपासून सुरुवात करू द्या. इंग्रजीवर परीक्षा पास होता येतं, पण पापीरो लिहायला बोलावणारे मित्र मिळत नाहीत.

पदवीच्या दिवशी तुम्ही इथे असाल तर साडी नेसून या, फोटो सुंदर येतात. फक्त मुकुट चढल्यानंतर चार पावलं मागे उभ्या राहा. मुलीच्या पिशवीत जुना टी-शर्ट, टॉवेल, चपला आणि डोळ्यांत पीठ गेलं तर धुवायला पाण्याची बाटली असू द्या. फेब्रुवारीची पदवी असेल तर जाड जाकीटही, कारण माखलेल्या अंगाने दोन तास थंडीत उभं राहायचं असतं. आणि त्याआधी महिनाभर तुम्हाला एक अनोळखी फोन येईल. मोडक्या इंग्रजीत कोणी मुलगा किंवा मुलगी विचारेल की ती लहानपणी कशी होती, कशाला घाबरायची, घरात तिला काय म्हणून हाक मारता. तो फोन कापू नका. तिच्या पहिलीतल्या गॅदरिंगचा एखादा फोटो आत्ताच शोधून ठेवा.